‘सिद्ध झालंय’ म्हणजे नेमकं काय झालंय? प्रूफ ऑफ वर्कवर वाचकांचे प्रश्न

चवथीच्या अंकात प्रूफ ऑफ वर्कची, म्हणजे बिटकॉइन ज्यावर चालतं त्या पद्धतीची, तोंडओळख करून दिली होती. जगभरचे मायनर, म्हणजे यासाठी आपली मशीनं लावून बसलेले लोक, एक कोडं सोडवत बसतात, हॅश करून, म्हणजे एका सूत्रात आकडे घालून काय उत्तर येतं ते बघत राहण्याशिवाय त्याला दुसरा मार्ग नाही, ज्याला आधी सुटेल तो पुढचा ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा गठ्ठा, चेनला जोडतो आणि ज्या चेनमागे सगळ्यात जास्त काम झालंय ती सगळ्यांनी खरी धरायची. त्याच्यावर पत्रं, ईमेल, व्हॉट्सॲप मेसेज असे भरपूर प्रश्न आले आणि बहुतेक सगळे फिरून फिरून एकाच ठिकाणी येतात, हे सुरक्षित आहे असं कुणी दाखवून दिलंय का आणि दाखवलंय तर कसं. हा माझा अगदी जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे काही उत्तरं लांबलीत.

मॅडम, माझा मुलगा म्हणतो बिटकॉइन सेफ आहे हे गणिताने सिद्ध झालंय, भूमितीतल्या प्रमेयासारखं. मी म्हणतो शेवटी तो कॉम्प्युटरचा प्रोग्राम, केव्हाही बिघडेल. आमचा रोज रात्री जेवताना वाद होतो. कोण बरोबर?
— दुकानदार, म्हापसा

दोघंही बरोबर आहात, कारण तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलताय.

बिटकॉइन ज्याने काढलं त्या सातोशी नाकामोतोचा (हे टोपणनाव) पेपर २००८ चा, नऊ पानांचा. चेन चालू झाली जानेवारी २००९ मध्ये. म्हणजे आधी गाडी रस्त्यावर आली आणि ब्रेकचं गणित मागाहून झालं. पहिली नीट, तपशीलवार सिद्धता दिली हुआन गाराय, अगेलोस कियायास आणि निकोस लिओनार्दोस या तिघांनी, पेपर २०१४ ला बाहेर आला आणि २०१५ च्या युरोक्रिप्ट परिषदेत मांडला गेला. त्यांनी बिटकॉइनमधलं बाकी सगळं, पाकीट, सह्या, फी, बाजूला ठेवलं आणि फक्त कणा घेतला, म्हणून त्याला बॅकबोन प्रोटोकॉल म्हणतात. मग सगळं आधी लिहून टाकलं, की एवढे एवढे सहभागी आहेत, प्रत्येकाला एका फेरीत एवढेच हॅश करायला मिळतात, यातले काही जण हल्लेखोराच्या ताब्यात आहेत आणि हॅश फंक्शनचं उत्तर आधी कुणालाच ओळखता येत नाही. एवढं मांडल्यावर मग ‘सेफ’ या मोघम शब्दाच्या जागी मोजता येतील असे गुण ठेवले.

पहिला गुण कॉमन प्रीफिक्स. कुठलेही दोन प्रामाणिक नोड, म्हणजे चेनची प्रत ठेवणारे कॉम्प्युटर, घ्या, एक म्हापशातला आणि एक ब्राझीलमधला, दोघांच्या चेनचे शेवटचे काही ब्लॉक कापून टाकले की उरलेली चेन दोघांकडे हुबेहूब सारखी असली पाहिजे. दुसरा चेन क्वालिटी, म्हणजे चेनचा कुठलाही लांबसा तुकडा घेतला तर त्यात प्रामाणिक मायनरांचे ब्लॉक अमुक प्रमाणात तरी असलेच पाहिजेत. तिसरा चेन ग्रोथ, चेन अमुक वेगाने वाढत राहिलीच पाहिजे, याला वेगळं नाव थोडं नंतर मिळालं. हे तीन हातात आले की तुमच्या दुकानाला ज्याची गरज आहे ते दोन्ही मिळतं, पक्का झालेला व्यवहार पक्काच राहतो आणि प्रामाणिक माणसाचा व्यवहार कायमचा बाहेर अडकून पडत नाही.

पण हे प्रमेय ‘जर-तर’चं आहे हे तुमच्या चिरंजीवांना जरूर सांगा. जर हॅश करायची जास्त ताकद प्रामाणिकांकडे असेल, जर निरोप वेळेत पोचत असतील, तर एखादा खोल गाडला गेलेला ब्लॉक उलटायची शक्यता ब्लॉकागणिक घातांकी वेगाने घटते. शून्य होत नाही, घटते. भूमितीतलं प्रमेय शंभर टक्के लागू होतं, इथे ‘जवळजवळ नक्की’ असतं, आणि ते जवळजवळ म्हणजे किती ते मोजून देतात हीच तर यातली खरी कमाई.

आणि तुमचं म्हणणंही खोटं नाही. ही सिद्धता कागदावरच्या प्रोटोकॉलची आहे, मशीनवर चालणाऱ्या कोडची नाही. मार्च २०१३ मध्ये बिटकॉइनच्या ०.७ आणि ०.८ या दोन व्हर्जनमध्ये आतला डेटाबेस वेगळा असल्यामुळे एक ब्लॉक नव्याने मान्य केला आणि जुन्याने नाकारला, चेन दुभंगली, आणि शेवटी मोठ्या मायनरांनी मुद्दाम जुन्या व्हर्जनवर परत जाऊन ते सावरलं. हल्लेखोर कोणीच नव्हता. ‘सगळे प्रामाणिक नोड एकच नियम पाळतात’ हे प्रमेयातलं गृहीतच त्या रात्री मोडलं होतं.

नाकामोतोच्या पेपरात अकराव्या भागात हल्लेखोराची प्रोबॅबिलिटी काढलेलीच आहे, सी मधला कोडसुद्धा दिलाय. मग २०१५ मध्ये नवीन काय सिद्ध केलं? वायवाला आम्हाला हे विचारलं आणि वर्गात कुणालाच सांगता आलं नाही.
— इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, फर्मागुडी

फार सुंदर प्रश्न विचारलास, आणि याला जागा द्यायलाच हवी.

आधी नाकामोतोने काय केलं ते बघ. दुकानदाराने पैसे मिळाले म्हणून माल दिला, हल्लेखोर गुपचूप दुसरी चेन बनवतोय ज्यात तेच पैसे त्याने स्वतःलाच दिलेत, आणि तो मागून येऊन पुढे निघायला बघतोय. हे गॅम्बलर्स रुइनचं गणित. मांडवीतल्या कॅसिनोत बसलेला माणूस, प्रत्येक डाव किंचित त्याच्या विरुद्ध झुकलेला, तो थोडा वेळ वर येऊही शकतो पण जितका जास्त खड्ड्यात जाईल तितकी बाहेर यायची आशा गुणाकाराने कमी होत जाते. हल्लेखोराकडे १० टक्के ताकद असेल तर तो जितके ब्लॉक मागे तितक्या वेळा एक नवमांशाने गुणायचं, एवढं सरळ. त्यावरून नाकामोतोने तक्ता दिला की फसवणुकीची शक्यता ०.१ टक्क्याच्या खाली आणायला १० टक्केवाल्या हल्लेखोरासमोर ५ ब्लॉक थांबा, ३० टक्केवाल्यासमोर २४, आणि ४५ टक्केवाल्यासमोर ३४०. या तिन्ही आकड्यांकडे दोन मिनिटं बघत बस. लोक ‘सहा कन्फर्मेशन झाली, झालं काम’ म्हणतात, म्हणजे व्यवहार धरून सहा ब्लॉक जोडले गेले, पण ते सहा फक्त हल्लेखोर लहान आहे असं धरलं तरच. मेनी रोझेनफेल्डने नंतर नाकामोतोचा पॉइसाँ (Poisson) वितरणाचा अंदाज काढून टाकून तिथे अचूक वितरण, निगेटिव्ह बायनॉमियल, वापरलं. त्याच्या हिशेबात ३० टक्केवाला हल्लेखोर सहा कन्फर्मेशननंतरसुद्धा १५.६ टक्के वेळा यशस्वी होतो, म्हणजे साधारण सहातून एकदा!

आता कमी कुठे पडलं? हे सगळं गणित एकाच हल्ल्याचं आहे. लपून खणायचं, शर्यत लावायची, बस. पण हल्लेखोराने तसंच वागावं असं त्याला कोण सांगणार? तो ब्लॉक दाबून ठेवू शकतो, अर्ध्या नेटवर्कला एक चेन दाखवून अर्ध्याला दुसरी दाखवू शकतो, दोन ब्लॉक एकाच वेळी आले तर कुणाला कुठला आधी पोचेल हे ठरवू शकतो, आज एक आणि उद्या दुसरं करू शकतो. एक हल्ला फसतो हे दाखवणं वेगळं आणि कुठलाच हल्ला चालत नाही हे दाखवणं वेगळं. बॅकबोन पेपरने हे दुसरं केलं, हल्लेखोर काय करेल हे न ठरवता.

मग ते केलं कसं, तर त्यातली एक पायरी इथे पूर्ण दाखवते, कारण ती समजली की सगळा पेपर उघडतो. वेळ फेऱ्यांमध्ये वाटलाय असं धर. ज्या फेरीत प्रामाणिकांपैकी नेमक्या एकालाच कोडं सुटलं ती फेरी वेगळी काढ. समज त्या फेरीत तयार झालेला ब्लॉक चेनमध्ये ५०० व्या जागी बसला. आता माझा दावा असा की दुसऱ्या कुठल्याही चेनमध्ये ५०० व्या जागी वेगळा ब्लॉक असेल तर तो हल्लेखोराचाच. का? त्याच फेरीत दुसऱ्या प्रामाणिकाला काही सुटलंच नाही. आधीच्या फेरीत कुणा प्रामाणिकाने ५०० वा ब्लॉक काढला असता तर तो आत्तापर्यंत सगळ्यांना पोचला असता आणि आपला गडी ५०१ व्यावर काम करत असता. आणि नंतरच्या फेरीत प्रामाणिक माणूस ५०० वा काढणारच नाही कारण त्याच्याकडे ५०० लांबीची चेन आलेली आहे. संपलं. म्हणजे दोन वेगळ्या चेन बराच काळ जिवंत ठेवायच्या असतील तर अशा प्रत्येक एकट्या ब्लॉकसमोर हल्लेखोराला स्वतःचा एक ब्लॉक उभा करावाच लागतो, चलाखी कितीही करो. मग उरते ती फक्त मोजणी, अशा फेऱ्या किती आणि हल्लेखोराचे ब्लॉक किती, आणि त्यासाठी चेर्नॉफ बाउंड, म्हणजे मोजणी सरासरीपासून फार लांब जायची शक्यता किती कमी ते सांगणारं सूत्र, तुझ्या प्रोबॅबिलिटीच्या सिलॅबसमध्ये आहेच. ‘कुठलाही हल्लेखोर’ या दोन शब्दांची भीती अशी एका साध्या निरीक्षणाने जाते, मला हे अजूनही शिकवताना अंगावर काटा येतो.

म्हणजे कुणाकडे ५१ टक्के ताकद आली तरच धोका, त्याच्या आत काही भीती नाही, हे बरोबर ना?
— बँकेत नोकरी, मडगाव

नाही, आणि हा गैरसमज फार घट्ट बसलाय.

५० टक्क्यांची रेषा ही कॉमन प्रीफिक्ससाठी आहे, म्हणजे इतिहास उलटवता येतो की नाही यासाठी. चेन क्वालिटीचं तसं नाही. हल्लेखोराकडे एक तृतीयांश ताकद आहे असं घ्या. एकूण ३०० कोडी सुटली, १०० त्याची, २०० प्रामाणिकांची. तो आपला ब्लॉक लगेच जाहीर करत नाही, दाबून ठेवतो, आणि प्रामाणिकांचा ब्लॉक आला की त्याच जागेसाठी आपला पुढे करतो. नेटवर्क पूर्ण त्याच्या बाजूने असेल, म्हणजे बरोबरीत दर वेळी त्याचाच ब्लॉक सगळ्यांना आधी पोचत असेल, तर त्याचा प्रत्येक ब्लॉक प्रामाणिकांचा एक ब्लॉक मारतो. शेवटी चेन २०० ब्लॉकांची, त्यात १०० त्याचे, १०० बाकीच्यांचे. ताकद तेहतीस टक्के आणि ब्लॉक पन्नास टक्के! बॅकबोन पेपरमधली चेन क्वालिटीची मर्यादा बरोबर हीच येते, आणि ताकद पन्नासच्या जवळ गेली की प्रामाणिकांचा वाटा जवळजवळ शून्यावर येऊ शकतो. इतिहास शाबूत, पण लिहिणारा हात एकाचाच.

याच डावपेचाला सेल्फिश मायनिंग म्हणतात, इत्ताय इयाल आणि एमिन ग्युन सिरेर यांनी २०१३ मध्ये तो मांडला तेव्हा मोठी खळबळ उडाली होती. त्यांच्या हिशेबात बरोबरीत एकदाही नशीब साथ देत नसलं तरी एक तृतीयांशाच्या वर गेलं की लबाडी फायद्याची ठरते. त्यांनी उपायही सुचवला, बरोबरी झाली तर नोडने यादृच्छिक निवड करावी, त्याने उंबरठा २५ टक्क्यांवर राहतो. पुढे सापिर्श्टाइन, सोम्पोलिन्स्की आणि झोहार यांनी सगळ्यात फायदेशीर डाव शोधला तेव्हा तो उंबरठाही खाली आला, २३.२१ टक्के. म्हणून कुणी ‘५१ टक्के’ म्हणाला की आधी विचारा, कुठल्या गुणाबद्दल बोलताय?

एका ब्लॉकला दहा मिनिटं कशाला? एका सेकंदाला एक ब्लॉक केला तर यूपीआयसारखं लगेच काम होईल. कोड बदलायचा फक्त.
— वास्को

कोडमधला आकडा बदलता येतो पण प्रकाशाचा वेग आणि समुद्राखालच्या केबल बदलत नाहीत. तुम्ही ब्लॉक काढला आणि तो जगभर पोचायच्या आत दुसरीकडे कुणी वेगळा ब्लॉक काढला तर दोघांतल्या एकाची मेहनत वाया. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या डेकर आणि वॉटनहोफर यांनी २०१३ मध्ये मोजलं तेव्हा निम्म्या नोडपर्यंत ब्लॉक पोचायला साडेसहा सेकंद लागत होते आणि ४० सेकंदांनंतरही ५ टक्के नोडना तो मिळालेला नव्हता. नंतर यात पुष्कळ सुधारणा झाली. पण मुद्दा असा की वाया जाणारी मेहनत फक्त प्रामाणिकांची असते, हल्लेखोर स्वतःच्याच ब्लॉकवर ब्लॉक रचतो, त्याला नेटवर्कचा उशीर लागत नाही.

पहिल्या बॅकबोन पेपरमध्ये निरोप पुढच्या फेरीत पोचतोच असं धरलं होतं. राफाएल पास, लिओर सीमन आणि अभी शेलात यांनी ते सैल केलं, निरोपाला ठरावीक मर्यादेपर्यंत उशीर हल्लेखोर लावू शकतो असं धरून पुन्हा सिद्ध केलं, आणि उशिराच्या मानाने कोडी फार सोपी केली तर प्रोटोकॉल मोडणारा हल्लाही दाखवला. नेमकी सीमारेषा मात्र २०२० मध्ये सापडली, दोन वेगवेगळ्या टीमना, स्वतंत्रपणे, एकाच वर्षी. ती अशी: हल्लेखोराचा वेग प्रामाणिकांच्या ‘उशिराने घटलेल्या’ वेगापेक्षा कमी हवा, आणि हा घटलेला वेग काढायचा तर प्रामाणिकांचा वेग गुणिले उशीर यात एक मिळवून त्याने प्रामाणिकांच्या वेगाला भागायचं.

मी तुमच्यासाठी आकडे घालून बघितले, जास्तीत जास्त उशीर १० सेकंद धरून. दहा मिनिटांचा ब्लॉक असेल तर ४९.८ टक्क्यांपर्यंतचा हल्लेखोर झेपतो, म्हणजे जवळपास काहीच गमावलं नाही. दहा सेकंदांचा ब्लॉक केला तर ३८.२ टक्के. पाच सेकंदांचा, २९.३. आणि तुमचा एक सेकंदवाला, फक्त ९ टक्के, म्हणजे एखादा मधल्या आकाराचा मायनिंग पूल, ताकद एकत्र करून खणणाऱ्या मायनरांचा गट, सुद्धा इतिहास उलटवू शकेल. यूपीआय लगेच होतं कारण तिथे कोण कोण बँका आहेत हे आधीच ठरलेलं आहे आणि त्यांच्यावर कायद्याचा वचक आहे. इथे कोणीही येऊन खणू शकतो, त्या मोकळेपणाची किंमत वेळेत मोजावी लागते. वेग वाढवायला घोस्ट वगैरे वेगळे नियम सुचवले गेलेत पण ते वेगळे प्रोटोकॉल, त्यांची सिद्धता वेगळी.

मी घरी हौसेने बिटकॉइनचा नोड चालवतो. पावसात आमच्याकडे झाडं पडून वीज आणि नेट दोन्ही जातं, कधी कधी पूर्ण दिवस. त्या वेळात माझ्या नोडला कुणी फसवू शकतं का?
— वाळपई, सत्तरी

नेट पूर्ण बंद असेल तर फसवणार कोण, नोड फक्त मागे पडतो, परत आला की जास्त काम झालेली चेन उचलतो आणि जागेवर येतो. तोपर्यंत तुमच्या स्क्रीनवरचा शेवटचा ब्लॉक शिळा आहे एवढं लक्षात ठेवून मोठा व्यवहार स्वीकारू नका.

खरी भानगड नेट चालू आहे पण तुमच्या नोडची सगळी कनेक्शनं एकाच लबाड माणसाकडे गेलीत तेव्हा. त्याला एक्लिप्स अटॅक म्हणतात, हाइलमन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये तो बिटकॉइनवर करून दाखवला. तेव्हा नोड स्वतःहून फक्त ८ बाहेरची कनेक्शनं करायचा, ती सगळी आपल्याकडे वळवायची, नोड रीस्टार्ट झाला की हे जास्त सोपं, मग तुम्हाला तो दाखवेल तेच जग. प्रमेयाच्या भाषेत तुमचा नोड ‘निरोप वेळेत पोचतात’ या अटीच्या बाहेर गेला म्हणून प्रमेय तुमच्याबद्दल काहीही बोलत नाही. त्या अभ्यासानंतर सॉफ्टवेअरमध्ये बरेच बचाव आले तेव्हा व्हर्जन नवं ठेवा. आणि वीज आल्यावर, बराच वेळ नवीन ब्लॉक येतच नाही किंवा फार सावकाश येतायत असं दिसलं तर मोबाइलच्या वेगळ्या नेटवरून दुसऱ्या ठिकाणचा ताजा ब्लॉक नंबर ताडून बघा.

दर २०१६ ब्लॉकांनी डिफिकल्टी बदलते असं वाचलं. मग सिद्धतेतलं ‘कोड्याची काठिण्यपातळी ठरलेली’ हे गृहीत कसं चालतं?
— निवृत्त गणित शिक्षक, डिचोली

सर, बरोबर नस पकडलीत. पहिल्या बॅकबोन पेपरमध्ये ते ठरलेलंच धरलं होतं. बदलत्या काठिण्याची सिद्धता त्याच तिघांनी २०१७ मध्ये वेगळी दिली, आणि त्यात अट अशी की सहभागींची संख्या वाटेल तशी उड्या मारत नाही, ठरावीक काळात ठरावीक पटीतच बदलते.

यातला गमतीचा तपशील तुम्हाला आवडेल. बिटकॉइनमध्ये साधारण दोन आठवड्यांनी काठिण्य नव्याने ठरतं पण एका वेळी चार पटींपेक्षा जास्त बदलू देत नाहीत. वरवर बघता ही नुसती खबरदारी वाटते, पण लिअर बहाक याने २०१३ मध्ये दाखवलं की ही मर्यादा काढली तर अल्पमतातला हल्लेखोरसुद्धा कधी ना कधी जिंकतो. तो आपल्या खाजगी चेनमध्ये वेळेचे शिक्के खोटे मारून काठिण्य प्रचंड वाढवतो, मग एकच ब्लॉक लागला तरी त्यात ढीगभर ‘काम’ मोजलं जातं. सरासरी तीच राहते, पण व्हेरियन्स, म्हणजे सरासरीभोवतीचा चढउतार, आभाळाला भिडतो, आणि चेर्नॉफला धरून केलेला सगळा हिशेब कोलमडतो कारण तो बऱ्याच लहान लहान यशांच्या सरासरीवर उभा असतो. चार पटींची मर्यादा तो व्हेरियन्स आवरते.

आमच्या वाड्यावर एक ओळखीचा माणूस नवीन कॉइन विकतोय. म्हणतो बिटकॉइनचीच टेक्नॉलॉजी, प्रूफ ऑफ वर्क आहे, गणिताने सेफ, महिन्याला पैसे वाढणार. माझ्या आईने थोडे घातलेत. काय करू ताई?
— पेडणे

पैसे आणखी घालू नका, हे आधी. आणि आईवर चिडू नका, असं बोलणारा माणूस ओळखीचा असतो म्हणूनच लोक विश्वास ठेवतात.

तो म्हणतो ती सिद्धता बिटकॉइनच्या नावाची नाही, अटींची आहे. प्रामाणिकांकडे जास्त ताकद ही अट लहान कॉइनमध्ये टिकवणं फार कठीण, कारण तीच हॅश पॉवर बाहेर तासांवर भाड्याने मिळते, आणि लहान चेनला मागे टाकायला थोडी पुरते. बिटकॉइन गोल्डवर मे २०१८ मध्ये असा हल्ला होऊन एक्स्चेंज लुटले गेले. इथेरियम क्लासिकवर जानेवारी २०१९ मध्ये झाला आणि मग ऑगस्ट २०२० या एकाच महिन्यात तीनदा, हजारो ब्लॉकांचा इतिहास उलटवला गेला. ही नाव असलेली, जगभर व्यवहार होणारी नाणी होती. पद्धत प्रूफ ऑफ वर्कचीच, प्रमेय तेच, अट तुटली.

आणि ‘महिन्याला वाढणार’ याचा तर कुठल्याच पेपरशी संबंध नाही. प्रमेय चेनबद्दल बोलतं, भावाबद्दल नाही, विकणाऱ्याच्या नियतीबद्दल नाही, तुमच्या आईचे पैसे खरंच कुठल्या चेनवर गेले की त्याच्या खिशात याबद्दल तर अजिबातच नाही. पैसे कसे दिले, यूपीआय की रोख, त्याचे स्क्रीनशॉट आणि मेसेज जपून ठेवा, परत मागा, आणि तो टाळाटाळ करू लागला तर उशीर न करता १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. काय झालं ते मला जरूर कळवा.

इथेरियमला हे सगळं लागू होतं का?
— काणकोण

आता नाही. सप्टेंबर २०२२ पासून इथेरियम प्रूफ ऑफ स्टेकवर आहे, म्हणजे खणण्याऐवजी नाणी तारण ठेवून ब्लॉक जोडतात, तिथे अटीही वेगळ्या आणि सिद्धताही. त्यावर पुढे कधीतरी सविस्तर लिहीन.

मायनर पैशासाठी खणतात. मग ‘बहुसंख्य प्रामाणिक’ हे गृहीत कशाच्या जोरावर? स्वार्थी माणूस प्रामाणिक का राहील?
— कॉमर्सचा प्राध्यापक, कुडचडे

मला विचाराल तर या सगळ्या इमारतीतला सगळ्यात कच्चा दगड हाच. क्रिप्टोग्राफर ‘प्रामाणिक’ म्हणजे नियम पाळणारा असं धरून मोकळे होतात, तो का पाळतो हा प्रश्न दाराबाहेर ठेवतात. २०१८ मध्ये बाडर्टशर, गाराय, माउरर, चुडी आणि झिकास यांनी हा प्रश्न आत घेतला. त्यांनी हल्लेखोरालासुद्धा नफा-तोटा बघणारा धरलं, आणि बक्षीस व खर्च यांच्या काही अटींखाली प्रामाणिक बहुमत आधी गृहीत न धरताही प्रोटोकॉल का टिकतो ते दाखवलं. पण ‘काही अटींखाली’ हे शब्द इथेही आहेतच, आणि फक्त ब्लॉकच्या बक्षिसाकडे बघणारा स्वार्थी वेगळा, बाहेर कुठेतरी भाव पडण्यावर पैज लावून बसलेला स्वार्थी वेगळा. दुसऱ्याला गणितात बसवणं फार अवघड.

प्रत्यक्षातलं उदाहरण घ्यायचं तर जून २०१४ मध्ये जीहॅश नावाचा पूल थोड्या वेळापुरता निम्म्या ताकदीच्या वर गेला होता. लोकांनी आरडाओरडा केला, मायनर त्यातून बाहेर पडले, पूलनेही मर्यादा पाळू असं जाहीर केलं. तेव्हा चेन वाचली ती प्रमेयाने नाही, माणसांच्या वागण्याने. इन्सेंटिव्हचा अभ्यास तुमच्या विषयाचे लोक जास्त चांगला करतील असं मला मनापासून वाटतं, विद्यार्थ्यांना प्रोजेक्टला द्या.

मला यात पुढे संशोधन करायचं आहे. कुठून सुरुवात करू? कोडिंग कमी येतं, गणित आवडतं. देव बरें करूं.
— एमएस्सी, फोंडा

गणित आवडतं ना, मग तू योग्य ठिकाणी आलायस, कोडिंग इथे कमीच लागतं.

आधी प्रोबॅबिलिटी पक्की कर, बायनॉमियल, पॉइसाँ, रँडम वॉक, आणि मग चेर्नॉफ बाउंड स्वतः सिद्ध करून बघ, नुसता वापरू नकोस. मग नाकामोतोचा अकरावा भाग हातात कागद-पेन घेऊन सोडव आणि तक्त्यातला निदान एक आकडा स्वतः काढ. त्यानंतर बॅकबोन पेपर, पण पहिल्या पानापासून नको, व्याख्या वाच, वर मी दाखवलेली ५०० व्या ब्लॉकवाली पायरी शोध, आणि ती समजल्यावरच पुढे जा. उशीरवाला पेपर घेशील तेव्हा स्वतःला विचार की ही पायरी उशीर आल्यावर कुठे मोडते. तुझ्या लक्षात येईल की आता ‘एकटा ब्लॉक’ पुरत नाही, त्याच्या आधी आणि नंतर काही काळ प्रामाणिकांची शांतता पाहिजे म्हणजे तो सगळ्यांना पोचेल. हे स्वतः सापडलं तर पेपरचा अर्धा भाग तुझा तूच लिहिलास समज.

बहुतेक सगळे पेपर ईप्रिंट (ePrint) आणि आर्काइव्ह (arXiv) या साइटवर फुकट मिळतात, विकत काही घेऊ नकोस. आणि प्रत्येक प्रमेयासमोर वहीत दोन रकाने कर, एकात अट आणि दुसऱ्यात ती अट आजच्या नेटवर्कवर खरी आहे का. दुसरा रकाना जिथे रिकामा राहील तिथून तुझा प्रोजेक्ट काढ.